वैजयंतीचा चौतिसावा दिवस

वैजयंतीशी माझी ओळख झाली ती जळक्या वासामुळं. मी आमच्या कॉलेजची ग्रंथपाल. लायब्ररी आणि फिजिक्सची प्रयोगशाळा एकाच मजल्यावर, मध्ये फक्त व्हरांडा. मार्चमधली दुपार होती. सोलापुरात मार्चमधली दुपार म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. वास कशाचा म्हणून मी जाऊन बघितलं, तर नवीनच लागलेली बाई विजेच्या शेगडीवर डावा हात टेकून खिडकीबाहेर बघत उभी. मी दंड धरून तिला मागं ओढलं. तिनं आधी हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"चालू हाय व्हय ही?" ती म्हणाली. "कळलंच न्हाय मला."

ती रामहरीची बायको. रामहरी आमच्या प्रयोगशाळेतला परिचर, मोहोळकडच्या खेड्यातला, एकोणीस वर्षं नोकरी झालेली. फेब्रुवारीत बॅटऱ्यांची पेटी घेऊन जिना चढताना छातीत कळ आली, पायरीवर बसला, तो पुन्हा उठला नाही. तेरावा झाल्यावर आठवड्याच्या आत संस्थेनं वैजयंतीला त्याच्या जागी तात्पुरतं घेतलं. त्याला लोक संस्थेचा दयाळूपणा म्हणतात. मी म्हणणार नाही. परीक्षा तोंडावर होत्या, प्रयोगशाळा झाडायला माणूस नव्हता, आणि बाई दहावी पास होती. पदरात नववीतली मुलगी, आरोही. नाही म्हणायची सोयच नव्हती तिला.

तिनं रडावं अशी सगळ्यांची फार इच्छा होती. स्टाफरूममधल्या बायका पाळीपाळीनं जाऊन तिचे हात हातात घ्यायच्या, स्वतःच डोळे पुसायच्या आणि परत येऊन "दगड आहे हो" म्हणायच्या. मला त्यांचा संताप यायचा. दगड काय? त्या बाईला आपलं बोट कुठं संपतं आणि शेगडी कुठं सुरू होते हे कळत नव्हतं. डबा उघडायची, दोन घास खायची आणि डबा तसाच उघडा ठेवून कामाला लागायची. भाजीत मीठ दोनदा पडलंय हे मी सांगायचे तेव्हा तिला समजायचं.

एक गोष्ट मात्र ती चुकत नव्हती, ती म्हणजे दिवस. तिची सासू बजाबाई गावाकडं बोटांवर मोजायची: गेला तो पहिला दिवस, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरा, असा दहावा, असा तेरावा. आपल्याकडं सगळे असंच मोजतात. तेरावा झाला, गोड जेवण झालं, पाहुणे एसटीनं गेले, बजाबाईनं मोजणं सोडलं. वैजयंतीचं चालूच राहिलं. मी एकदा जेवताना सहज विचारलं, "किती दिवस झाले गं?" मान वर न करता ती म्हणाली, "आज सव्विसावा."

आता सरांबद्दल सांगायला हवं. शिवानंद बिराजदार सर, फिजिक्सचे. मूळचे अक्कलकोट भागातले, मी दुधनीची, त्यामुळं आमचं भांडण झालं की ते कानडीत व्हायचं आणि इतरांना कळायचं नाही. पीएचडी अर्धवट राहिलेला माणूस. गाईड वारले, पुढं संसार, पुढं पेपर तपासणं, राहिली ती राहिलीच. पण डोक्यातून एक तारा गेला नाही. तारा म्हणजे जोडतारा. त्याला नाव नाही, नुसते आकडे आहेत, आणि ते सरांनाच पाठ.

गंमत अशी की हा तारा सोलापुरातून काय, कुठूनच सरांना दिसणार नव्हता. त्याचा जो प्रताप आहे तो क्ष-किरणांत आणि त्याच्याही पलीकडच्या किरणांत. ते किरण आपली हवा खाली येऊच देत नाही. ते मोजायचे तर दुर्बीण वर अवकाशात हवी. अशी एक दुर्बीण परदेशातल्या लोकांनी सोडलेली आहे आणि ती रोज कुठल्या ताऱ्याकडून किती किरण आले याचा आकडा इंटरनेटवर टाकते, कुणीही बघावा. सर रोज अकरा वाजता तो आकडा काढायचे आणि परिचराकडून लांब वहीत लिहून घ्यायचे. तारीख, कितवा दिवस, आकडा, असे तीन रकाने. एवढ्या कॉम्प्युटरच्या जमान्यात वही कशाला, असं मी विचारलं तर म्हणायचे, "कॉम्प्युटर ठेवतो. बघत नाही."

वैजयंतीला ते काम समजावत होते तेव्हा मी तिथंच होते.

"हे बघा वैजयंतीबाई, दोन तारे आहेत," सर म्हणाले. "एक मोठा, निळा, त्याच्याभोवती वायूची तबकडी. दुसरा लहान. लहान म्हणजे आपल्या सोलापूरएवढा, पण सूर्यापेक्षा जड. तो मेलेला तारा आहे. मेलेला असला तरी जोडीदाराला सोडत नाही. फिरत फिरत तीन वर्षं पाच महिन्यांनी एकदा अगदी जवळ येतो, तबकडीतून आरपार जातो, तेव्हा हे किरण सुटतात. मग सगळं शांत व्हायला लागतं. आणि शांत होत आलं की, साधारण महिन्याभरानं, अचानक मोठा भडका उडतो. तो का उडतो ते अजून कुणालाही नीट माहीत नाही."

नवरा जाऊन महिना झाला नाही अशा बाईला हा माणूस मेलेल्या जोडीदाराची कथा सांगत होता, आणि त्याच्या लक्षातसुद्धा येत नव्हतं. व्हरांड्यात गाठून मी त्यांना कानडीत चांगलं झापलं. सर गोरेमोरे झाले. वैजयंतीला विचारलं तर तिला काहीच वाटलेलं नव्हतं.

"आसंल की मॅडम," ती म्हणाली. "आकडा कुटल्या रकान्यात लिवायचा तेवडं त्यास्नी नीट सांगाय सांगा."

ती कामाला लागल्यावर चौथ्याच दिवशी तो लहान तारा मोठ्याच्या सर्वांत जवळ आला. साडेतीन वर्षांपूर्वीच्या फेरीची वही रामहरीनं लिहिली होती. ती कपाटात होती. सरांनी वैजयंतीला नवी कोरी वही दिली आणि म्हणाले, "आज तो सगळ्यात जवळ आहे. आजपासून दिवस मोजायचे." बस्स, एवढंच. ते तासाला निघून गेले. वैजयंतीनं जुनी वही उघडून बघितली नाही. बघायची हिंमत नव्हती असंही नाही, तिला कसलंच काही नव्हतं. कपाटात नवऱ्याची वही आहे हे तिला माहीत होतं, आणि ती कपाटातच राहिली.

वही मात्र तिनं नेमानं लिहिली. रविवारी यायची. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्या दिवशी सगळ्या बायका रजा टाकतात, ती भांडी भरून तासभर उशिरा का होईना यायची. वहीत खाडाखोड नाही. वहीतल्या चौतिसाव्या दिवशी अकराला आकडा आला आणि तो आदल्या दिवसाच्या कितीतरी पट होता. ती सरांकडं जाऊन म्हणाली, "सर, आकडा लई मोटा आलाय. आन् फिनेल संपलंय." सर खुर्चीतून उठून पळत आले, एवढं मी बघितलंय.

सरांची आलेख काढायची स्वतःची पद्धत होती. प्रत्येक फेरीचा आलेख वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर, पेन्सिलीनं, आडवं एक घर म्हणजे एक दिवस. मग ते पातळ कागद एकावर एक ठेवून प्रयोगशाळेच्या पूर्वेच्या खिडकीच्या काचेला लावायचे. मागून ऊन आलं की सगळ्या रेघा एकदम दिसायच्या. तसे त्यांनी रामहरीच्या फेरीचा आणि वैजयंतीच्या फेरीचा कागद लावून बघितले, आणि भडका जुळेना. रामहरीच्या वेळी तेहतिसावा दिवस, आता चौतिसावा. एक घर पुढं.

त्यानंतर तीन वर्षं पाच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, तिसरी फेरी. वहीत पुन्हा वैजयंतीचं अक्षर, पुन्हा चौतिसावा. सरांची खात्री पटली. भडका एक दिवस सरकलाय आणि तिथंच राहिलाय, म्हणजे मधल्या काळात त्या वायूच्या तबकडीचं काहीतरी झालंय, ती कलली असावी. हे दुसऱ्या कुणी सांगितलेलं नव्हतं. एकतीस वर्षं त्याच फळ्यावर तीच समीकरणं लिहिणाऱ्या माणसाला एक गोष्ट स्वतःची सापडली होती. मी त्यांची टिंगल करायचे, पण खरं सांगते, मला आनंद झाला होता. एखाद्याला आयुष्यात एवढं तरी मिळावं.

गेल्या नोव्हेंबरात विद्यापीठात परिसंवाद ठरला. सरांचा निबंध स्वीकारला गेला. पुण्याहून या विषयातली मोठी माणसं येणार होती. डिसेंबरअखेर सर निवृत्त होणार होते, आणि पुढची फेरी जानेवारीत, तेव्हा प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडं नसणार. जे काही सांगायचं ते आत्ताच. परिसंवादाच्या चार दिवस आधी त्यांनी वैजयंतीला सांगितलं, तिन्ही वह्यांचा एक स्वच्छ तक्ता करा.

त्या दिवशी ती जेवायला लायब्ररीत आली ती डब्याऐवजी दोन वह्या घेऊन.

"मॅडम, हे बगा," ती म्हणाली, आणि दोन्ही वह्यांचं पहिलं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. एक रामहरीची. गोल, टपोरं अक्षर, प्रत्येक आकड्याखाली टिंब द्यायची सवय. पहिल्या ओळीत तारीख, आणि दिवसाच्या रकान्यात शून्य. दुसरी तिची. पहिल्या ओळीत तारीख, आणि दिवसाच्या रकान्यात एक.

मला लगेच कळेना. तिनं समजावलं, भाजी आणायला सांगावं तशा आवाजात. "जवळ आल्याला दिवस ह्यांनी शून्य धरलाय. सरांनीच सांगितलं आसंल त्यास्नी. मी एक धरला. गेला त्यो पयला, तसं. तवा मी ह्यांचं दिवस मोजीत हुते न्हवं, हात तसाच गेला. दुसऱ्या येळंलाबी माजीच वही बघून लिवलं." मग म्हणाली, "तारा सरकला न्हाय मॅडम. ह्यांच्या जागी मी आले, तेवडंच झालंय."

मी दोन्ही पानं पुन्हा पडताळून बघितली. सरांचा सगळा शोध म्हणजे नवऱ्याच्या वहीतून बायकोच्या वहीत जाताना पडलेलं एक घर. तारखेचा रकाना शेजारीच होता, सर आलेख दिवसांच्या रकान्यावरून काढायचे. आकडे तपासायचे डोळ्यांत तेल घालून, पण दिवस तपासावे असं त्यांना कधी वाटलं नाही. दिवस काय, कुणीही मोजतं.

आता मी जे केलं ते लिहायला मला लाज वाटते. मी म्हणाले, "गप्प बस." म्हणाले, चार दिवसांवर आलंय, महिन्याभरात माणूस घरी जाणार, कोण येतंय वह्या बघायला? त्यांना एवढं एक मिळालंय ते मिळू दे. आणि तुझीही नोकरी अजून कायम झालेली नाही.

"तारखा लिवल्यात की तितं," ती म्हणाली. "पुण्याच्या मानसांनी मोजलं मंजी? भर सभेत सरांस्नी इचारलं मंजी?"

"तू सांगितलंस तर तुझ्यावर येईल."

"माज्यावरच हाय की."

भीती नव्हती तिच्या चेहऱ्यावर, वाईटही वाटत नव्हतं. मी त्या तोंडाकडं बघत राहिले. कुणालातरी राग यावा, रडू यावं, असं मला इतकं वाटत होतं की शेवटी मलाच राग आला आणि मी वह्या मिटून तिच्या हातात दिल्या. ती उठून प्रयोगशाळेत गेली. मीही मागून गेले.

तिनं सरांना मला सांगितलं तसंच सांगितलं, एक शब्द कमी नाही, जास्त नाही. सरांनी दोन्ही वह्या ओढून घेतल्या. तारखांवरून बोट फिरवत तोंडातल्या तोंडात कानडीत मोजलं. एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. त्यांचे कान लाल झाले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सात वर्षं. सात वर्षं मी हे सगळ्यांना सांगत फिरतोय." आणि मग म्हणाले, "रामहरीनं असं कधी केलं नसतं."

"व्हय सर," वैजयंती म्हणाली.

मी त्यांना काहीतरी फाडकन बोलणार होते, पण ते पिशवी न घेताच बाहेर पडले. वैजयंतीनं त्यांची पिशवी खुंटीला नीट अडकवली, टेबल पुसलं आणि पंखा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मला प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. सर दाढी न करता आले होते. रात्री झोपले नसावेत. ते खिडकीजवळ उभे होते आणि हातात तिन्ही ट्रेसिंग पेपर होते. मला म्हणाले, "मॅडम, हा कोपरा धरा जरा." वैजयंतीला दुसरा कोपरा दिला.

"आयोजकांना फोन केला मी," ते कागद काचेवर सारखे करत म्हणाले. "माझा निबंध काढून टाका म्हणालो. त्यांनी कारण विचारलं. सांगितलं, दिवस मोजायला चुकलो." मग वैजयंतीकडं न बघता म्हणाले, "तुम्हाला शून्य सांगायला मी विसरलो होतो. रामहरीला सांगितलं होतं, तुम्हाला नाही सांगितलं. काल जे बोललो ते बोलायला नको होतं."

"आसूं द्या सर."

"नसू द्या. ऐका. मला तुम्ही एकटीनं सांगितलंत." एवढं म्हणून ते कागदांकडं वळले.

ऊन बरोबर काचेवर आलेलं. खाली रामहरीच्या फेरीचा कागद, त्यावर वैजयंतीचे दोन. तीन पेन्सिलीच्या रेघा, एकसारख्या चढलेल्या, एकसारख्या उतरलेल्या, पण खालची रेघ वरच्या दोघींपासून सगळीकडं एक घर सुटलेली, नुसत्या भडक्यापाशी नाही; इतकी वर्षं सरांनी भडकाच तेवढा बघितला होता. सरांनी वरचे दोन कागद बोटांच्या टोकांनी धरले आणि हळूच डावीकडं एक घर सरकवले.

रेघा एक झाल्या. चढ चढावर, उतार उतारावर, भडका भडक्यावर. थोडंफार इकडंतिकडं, केसाएवढं. एकतीस वर्षांत मिळालेली एक गोष्ट त्या माणसानं एवढ्याशा हालचालीनं पुसून टाकली होती, आणि तरी ते बघत राहिले, कारण जुळलेलं दिसत होतं. "बरोबर तेहतिसाव्या दिवशी," ते म्हणाले. "तिन्ही वेळा."

वैजयंती काचेच्या अगदी जवळ गेली. बराच वेळ बघत होती. मग तिनं विचारलं, "ह्यातली ह्यांची कंची?"

सर चष्मा वर करून वाकले, एकदा इकडून, एकदा तिकडून बघितलं. खरंच शोधत होते ते, समजूत घालायला काही बोलत नव्हते. मग म्हणाले, "आता सांगता येत नाही बाई. एकावर एक बसल्यात."

तिच्या हातातला कोपरा सुटला. कागद काचेवरून घसरले, ते तिनं उचलले नाहीत. आधी भिंतीला हात लावला, मग खिडकीखाली फरशीवर बसली, आणि माझ्याकडं वर बघितलं. सात वर्षांत त्या चेहऱ्यावर मी असं काही बघितलं नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "हे गेले की वो."

आत्ताच कुणीतरी येऊन सांगावं तशी ती मला सांगत होती. मी, जिला सगळ्यांना चार शब्द सुनावायची सवय, तिच्याजवळ खाली बसले आणि "व्हय गं, गेले" एवढंच म्हणू शकले.